सत्तेचाळीस पिंपांचं तळं

विद्यापीठात पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा होता, आणि त्याचा वर्ग ज्या खोलीत भरायचा त्या खोलीला एकही खिडकी नव्हती. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत. गठ्ठे गेले, वास राहिला. पंखा होता, पण तो लावला की फळ्यावरचा खडू उडून पहिल्या बाकावरच्या मुलांच्या केसांत बसायचा, आणि तास संपेपर्यंत अख्खा पहिला बाक निवृत्तीला आलेला दिसायचा.

अशा खोलीत उभं राहून झाडं, पाणी, हवा आणि ऊन शिकवायचं काम गेली सहा वर्षं एकच बाई करत होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपायची आणि बाराव्या महिन्यात नव्याने व्हायची. त्यांना नाव होतं, पण ते फक्त नेमणूकपत्रावर, आणि तिथेही दोनदा चुकीचं छापलेलं. बाकी सगळं विद्यापीठ त्यांना पर्यावरणाच्या बाई म्हणायचं. आपणही तेच म्हणू.

दर वर्षी पहिल्या तासाला बाई मुलांना एकेक चिठ्ठी द्यायच्या आणि सांगायच्या, "पर्यावरण म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा. पुस्तकातलं नको, मनातलं." त्या चिठ्ठ्या त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. इंजिनिअरिंगची मुलं लिहायची, "ज्याची परवानगी काढावी लागते ते." रसायनवाले लिहायचे, "जे मर्यादेपेक्षा जास्त झालेलं असतं ते." जीवशास्त्रवाले, "माणूस सोडून बाकी सगळं." कायद्याच्या मुली, "ज्यावरून दावा लावता येतो ते." साहित्याची मुलं चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरायची, आणि शेवटी कळायचं एवढंच की कुणीतरी त्यांना सोडून गेलेलं आहे. वाणिज्यवाले शेजाऱ्याचं बघून लिहायचे, त्यामुळे त्यांचं पर्यावरण ते कुठे बसले यावर ठरायचं.

सहा वर्षांत दोन चिठ्ठ्या जुळल्या नव्हत्या असं नाही. पण, नक्कल करणारे वाणिज्यवाले सोडले, तर त्या दोन शाखांच्या कधी जुळल्या नव्हत्या.

म्हणून बाईंचा जीव एका गोष्टीत अडकला होता. ग्रंथालयाच्या मागे एक तळं होतं. तळं म्हणजे काय, पूर्वी कंत्राटदाराने ग्रंथालयाचा पाया खणायला घेतला तो चुकीच्या जागी. चूक लक्षात आल्यावर त्याने वीस पावलं सरकून दुसरा पाया खणला आणि पहिला खड्डा तसाच सोडून दिला. त्यात पाणी साचलं, शेवाळ आलं, बेडूक आले, कडेला लव्हाळं उगवलं. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद, गुडघाभर खोल. एवढंच.

पण सत्राच्या शेवटच्या शनिवारी बाई सगळा वर्ग तिथे न्यायच्या, आणि दर वर्षी तिथे एक नवल घडायचं. शंभर पोरं काठावर यायची, ढकलाढकली करायची, आणि मग आपोआप गप्प व्हायची. एखादा बेडूक बुडी मारायचा, वर्तुळं उमटायची, आणि शंभरच्या शंभर डोकी त्या वर्तुळांबरोबर हळूहळू फिरायची. बाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं. चार मिनिटं. चार मिनिटांनंतर कुणाचा तरी फोन वाजायचा आणि सगळं मोडायचं. सहा वर्षांची मिळून चोवीस मिनिटं झाली. आपण शिकवलं ते एवढंच, असं बाईंचं प्रामाणिक मत होतं.

आणि या वर्षी तो शनिवार यायच्या आधीच, एका सोमवारी, नोटीस लागली. ग्रंथालयामागील खड्डा बुजवून तिथे वाहनतळ होणार.

बाई तडक इमारत खात्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या खोलीला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींवर पडदे होते.

"बाई, तुम्ही एकट्याच ओरडताय," साहेब म्हणाले. "त्या खड्ड्याचा शिक्षणाला काही उपयोग आहे, असं पोरांना म्हणू दे की."

"म्हणतील ना."

"सगळ्या शाखांच्या हं. पाच शाखांची पाच पोरं, एक पान, एक निवेदन, खाली पाच सह्या. शुक्रवारी अकराला इमारत समितीचे अध्यक्ष जागा बघायला येणार आहेत. त्यांच्या हातात द्या. पण एकमुखाने हवं. एकाने तळं म्हणायचं, दुसऱ्याने डबकं, असं चालायचं नाही."

साहेब हसले. त्यांनाही पाच शाखांची पोरं माहीत होती.

मंगळवारी बाईंनी पाच जणांना बिनखिडकीच्या खोलीत बोलावलं. इंजिनिअरिंगचा होता टेप. त्याच्या कमरेला कायम मोजायची टेप लटकलेली असायची, आणि म्हणे झोपायच्या आधी तो पलंग मोजून घ्यायचा, वाढला तर नाही ना. रसायनशास्त्राची होती लिटमस, जी कॅन्टीनचा चहासुद्धा कागद बुडवून मगच प्यायची. जीवशास्त्राचा होता बेडूकराव. कायद्याच्या मुलीला सगळे वकीलसाहेब म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. पाचवा साहित्याचा, त्याला कवी म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं, पण तो नावडल्यासारखं दाखवायचा.

"पहिलं वाक्य मी सांगते," बाई म्हणाल्या. "'ग्रंथालयामागे एक तळं आहे.' लिहा."

कुणी लिहिलं नाही.

"खड्डा आहे, मॅडम," टेप म्हणाला. "खणलेला आहे. खणलेलं असेल तर खड्डा."

"अरे, पंधरा जातींचे जीव आहेत त्यात!" बेडूकराव उसळला. "तुझ्या खड्ड्यात काय असतं? सिमेंटची रिकामी पोती!"

"'आहे' म्हणता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाली. "'असल्याचे दिसते' म्हणा. उद्या नसलं तर सही करणारे अडकतील."

"पाणी आहे हे तरी नक्की का?" लिटमस म्हणाली. "पाण्यासारखा द्रव आहे. तपासल्याशिवाय मी पाणी म्हणणार नाही."

कवी बराच वेळ छताकडे बघत होता. "मॅडम, 'एक' काढू या का? 'एक'मुळे फार एकटं वाटतं."

दोन तास गेले. फळ्यावर एक वाक्य होतं, त्यातला प्रत्येक शब्द कुणी ना कुणी खोडलेला होता, आणि शेवटी फक्त पूर्णविराम बिनविरोध उरला. बाईंचं डोकं भणभणायला लागलं. त्यांनी डस्टर टेबलावर असा आपटला की पहिल्या बाकावर पुन्हा म्हातारपण आलं.

"पुरे! शब्दांचा कीस काढू नका. जा तळ्यावर. आपापल्या शास्त्राच्या रीतीने नमुने घ्या, मोजा, तपासा, आणि गुरुवारी सकाळी पुराव्यासकट पान लिहून आणा. अर्धवट काम मला नकोय, सांगून ठेवते!"

पाचही जण एकदम उठले. इतक्या उत्साहाने ते सहा महिन्यांत कधी उठले नव्हते. बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी बाईंचे वडील, अण्णा, जेवणाच्या टेबलावर एक जुना नळ खोलून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे नळ आणि पाइप दुरुस्त केले. आता काम सोडलं होतं, पण कामाने त्यांना सोडलं नव्हतं. घरातले चांगले वाहणारे नळसुद्धा ते आठवड्यातून एकदा दुरुस्त करायचे, आणि मग ते गळायचे.

"गेलं का तुझं तळं?" त्यांनी विचारलं.

"नाही जाणार, अण्णा. पाच मुलं लावलीत कामाला."

"पाच?" अण्णांनी वॉशर डोळ्याला लावून त्यातून लेकीकडे बघितलं. "अगं, एका नळावर दोन प्लंबर लावले की नळ राहत नाही, भोक राहतं. पाच म्हणजे फार झाले, पोरी."

"ते शिकलेले आहेत."

"मग तर बघायलाच नको."

बुधवारी बाईंना परीक्षेच्या देखरेखीला आवाराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या रांगांमधून फेऱ्या मारत होत्या. लांबून कुठूनतरी पंपाचा आवाज येत होता. बांधकाम चालू असेल, असं त्यांनी धरलं.

गुरुवारी सकाळी त्या ग्रंथालयाला वळसा घालून मागे गेल्या, आणि जागच्या जागी खिळल्या.

तळं नव्हतं.

बुजवलेलं नव्हतं, नुसतं नव्हतं. खड्डा होता, स्वच्छ, धुतल्यापुसल्यासारखा. तळाशी एक चप्पल, तीन पेनं आणि ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं, जे अकरा वर्षांपूर्वी परत करायचं होतं. एक बेडूक नाही, एक काडी लव्हाळं नाही. खड्ड्याभोवती दोरी बांधलेली होती आणि दोरीला कागद लटकत होता: "जैसे थे परिस्थिती राखावी."

काठावर कवी वही घेऊन बसला होता.

"काय केलंत रे हे?" बाई ओरडल्या.

"मॅडम, मी काही नेलं नाही," कवी घाईघाईने म्हणाला. "मी फक्त बघत होतो."

"बघत होतास म्हणजे? तुझ्या डोळ्यांदेखत गेलं ना?"

"हो. फार सुंदर गेलं, मॅडम."

त्या वेळी बाईंच्या हातात छत्री नव्हती, हे कवीचं नशीब.

त्या आधी इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये धावल्या. भिंतीला लागून पिंपांची रांग होती, ती दारापासून सुरू होऊन कोपऱ्यावरून वळून पार बाहेर फाटकापर्यंत गेली होती. प्रत्येक पिंपावर पांढऱ्या रंगात आकडा.

"सत्तेचाळीस पिंपं, मॅडम!" टेपचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. "लांबी, रुंदी, खोली मोजून गुणाकार करतात तो अंदाज झाला. तळ वेडावाकडा, कडा उताराच्या. तुम्ही म्हणालात अर्धवट नको. म्हणून उपसून मोजलं. आजवर कुणाला माहीत नव्हतं तिथे किती पाणी आहे. आता आहे."

"आता तिथे पाणीच नाहीये, अरे!"

टेप विचारात पडला. "ते वेगळं," तो म्हणाला.

लिटमसच्या प्रयोगशाळेत एकशे बारा बाटल्या होत्या. वरचं पाणी, मधलं पाणी, तळाचं पाणी, सकाळचं, दुपारचं, कवीची सावली पडलेलं आणि न पडलेलं. एका बशीत चिमूटभर करडी पूड होती.

"तीन लिटर आटवून बघितलं, मॅडम," ती हळूच म्हणाली, जशी कुणी देव्हाऱ्यात बोलते. "हे बघा. यातच आलं सगळं तळं."

बाईंनी शिंक यायच्या आत तोंड फिरवलं.

बेडूकरावने त्रेचाळीस बेडूक काचेच्या पेट्यांत ठेवले होते, प्रत्येकाच्या मागच्या पायाला रंगीत दोरा.

"पकडून सोडले की तेच पुन्हा मोजले जातात," तो म्हणाला. "म्हणून सोडलेच नाहीत. आणि वनस्पती वर्तमानपत्रांत दाबून ठेवल्यात, वर प्राध्यापकांचे ग्रंथ ठेवलेत वजनाला. एक मुळीसुद्धा सोडली नाही, मॅडम."

"आणि चव्वेचाळिसावा?" बाईंनी विचारलं, कारण एक पेटी रिकामी होती आणि तिचं झाकण उघडं होतं.

बेडूकराव जरा लाजला. "त्याचा शोध चालू आहे."

बाईंनी पाचही जणांना पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. इतका वेळ त्या ओरडत होत्या. आता त्या हळू बोलल्या, आणि ते जास्त भयंकर होतं.

"उद्या अकराला अध्यक्ष येणार. त्यांना रिकामा खड्डा दिसला तर दुपारी खडीचे ट्रक येतील. तळं परत भरायचं. जे नेलंत ते सगळं."

"नळाचं पाणी सोडू या, तासात भरेल," टेप म्हणाला.

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं," लिटमस म्हणाली.

"माझा एक बेडूक मेला तर बघ!" बेडूकराव टेपवर धावला.

"म्हणजे तीच पिंपं परत. ठीक. पण वर्कशॉप पाचला बंद होतं, ट्रॉली उद्या सातला मिळेल."

"एक मिनिट," वकीलसाहेब म्हणाली. "भरता येणार नाही."

"का?"

"मी काल संध्याकाळी 'जैसे थे'चा कागद लावलाय. त्या वेळी खड्डा रिकामा होता. म्हणजे तो रिकामाच राहायला हवा."

खोलीत शांतता पसरली. बाईंना वाटलं, ही ती चार मिनिटं असती तर किती बरं झालं असतं.

"अगं, कागद लावायच्या आधी खाली बघितलं नाहीस का?"

"मॅडम, कागद लावताना जागा बघत नाहीत. हद्द बघतात."

"कागद काढ."

"कुणाच्या आदेशाने?"

"माझ्या!" बाई कडाडल्या. "पर्यावरणाच्या बाईंच्या!" पंखा बंद होता, तरी खडू उडाला म्हणतात.

शुक्रवारी सकाळी सातला अण्णा लेकीबरोबर आले. खांद्यावर चाळीस वर्षांची पिशवी आणि रबरी पाइपांची वेटोळी. खड्ड्याकडे बघून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "भोक राहिलं ना," आणि बाह्या सरसावल्या.

आता बघा, तळं भरणं म्हणजे बादली भरणं नव्हे. टेपला पिंपं एक ते सत्तेचाळीस याच क्रमाने हवी होती. लिटमस म्हणे तळाचं पाणी तळाशीच जायला हवं, म्हणजे शेवटची पिंपं आधी. बेडूकरावला आधी झाडं लावून हवी होती, आणि झाडं दोन रात्री ग्रंथांखाली राहून पापडासारखी सपाट झाली होती. पाण्यात टाकली की तरंगत आणि त्यांच्यावर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटलेली दिसत. वकीलसाहेब प्रत्येक बेडकासाठी पोचपावती लिहीत होती, सही म्हणून बेडकाचा पाय उठवत होती. बाईंच्या तोंडाला फेस आला. एकदा त्यांनी टेपला ढकललं, एकदा त्या स्वतः चिखलात बसल्या, आणि अण्णांनी एकेका पिंपात पाइप घालून, तोंडाने ओढून, पाणी खड्ड्यात सोडायचा धडाका लावला.

"अप्पलपोटे आहेत गं सगळे," दर पिंपामागे चूळ थुंकत ते म्हणायचे. "माझं पाणी, माझे बेडूक, माझं माप. तळं कुणाचंच नाही."

पाणी गुडघ्याच्या खाली दोन बोटं येऊन थांबलं. टेप हवालदिल झाला. "सतरा नंबर कमी भरलंय! कुणीतरी त्यातलं पाणी नेलंय!"

"किती?"

"दोन बादल्या, मॅडम. पातळी चुकली!"

"राहू दे रे बाबा, अध्यक्ष टेप घेऊन येणार नाहीयेत."

आणि तेवढ्यात अध्यक्ष आले. आधी त्यांच्या गाडीचा आवाज आला, चहाच्या किटलीसारखा. ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर गाडी थांबली, तिच्या नाकातोंडातून वाफ निघत होती. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या तोंडातून शेवाळाची वीतभर हिरवी शेंडी डोकावत होती. बुधवारी गाडी तापली तेव्हा त्याने फाटकाजवळच्या कुठल्याशा पिंपातून दोन बादल्या पाणी घेतलं होतं, हे त्याने तिथेच कबूल केलं. टेप रिकामी बादली घेऊन गाडीकडे पळत सुटला, त्याला बेडूकरावने कॉलर धरून मागे ओढलं.

अध्यक्ष वयस्कर गृहस्थ, हातात काठी. मागे इमारत खात्याचे साहेब, तेच हसू घेऊन. समोर चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, त्यात सपाट झाडं, आणि काठावर पायांना रंगीत दोरे बांधलेले त्रेचाळीस बेडूक, रांगेत, तोंडातून चकार शब्द न काढता.

"निवेदन?" साहेबांनी हात पुढे केला.

बाईंनी पान दिलं. सकाळी मुलांनी त्यावर सह्या केल्या होत्या, पण वाक्य काही ठरलं नव्हतं. वर सगळं कोरं, मध्यावर एक पूर्णविराम, आणि खाली पाच सह्या. अध्यक्षांनी ते चष्मा लावून वाचलं, उलटं करून वाचलं, आणि साहेबांकडे दिलं. "आटोपशीर आहे," ते म्हणाले. मग काठी तळ्याकडे रोखत त्यांनी मुलांना विचारलं, "मला तोंडीच सांगा. हे काय आहे?"

बाईंनी डोळे मिटले. खड्डा, द्रव, दावा, आता सगळं बाहेर येणार.

"त्रेचाळीस बेडूक आहेत, सर," टेप म्हणाला. "काठी जरा मागे घ्या, डावीकडे अंगठ्याएवढा एक आहे, तो घाबरट आहे."

बाईंनी एक डोळा उघडला.

"सत्तेचाळीस पिंपं आहेत," बेडूकराव म्हणाला, "दोन बादल्या कमी. त्या तुमच्या गाडीत आहेत."

"पाण्याला निवळायला वेळ द्यावा लागेल," वकीलसाहेब म्हणाली. "गाळ खाली बसला की मगच पाणी काय ते खरं दिसेल."

"आणि तोवर कुणी हात लावू नये," लिटमस म्हणाली. "जैसे थे."

राहिला कवी. तो कमरेपर्यंत चिखलाने भरला होता. झाडं सरळ धरायचं काम त्याच्याकडे होतं. "गुडघाभर खोल आहे," तो म्हणाला. "तळाला डाव्या बाजूला दगड आहे. मी चार तास उभा होतो."

बाईंनी दुसरा डोळा उघडला. सहा वर्षांत एका शाखेचा शब्द दुसऱ्या शाखेच्या तोंडी कधी आला नव्हता, आणि इथे ही कार्टी एकमेकांचे शब्द खिशात घालून आली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

तेवढ्यात अध्यक्षांच्या कोटाच्या खिशात काहीतरी हललं. एक बेडूक बाहेर आला, मागच्या पायाला निळा दोरा. तो चव्वेचाळिसावा. तो तिथे कसा शिरला हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. त्याने खिशाच्या काठावरून तळं बघितलं, आणि एवढी मोठी उडी मारली की टेपने ती नंतर मोजली. आकडा ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून तो इथे देत नाही.

डुबुक. वर्तुळं उमटली. अध्यक्ष, साहेब, ड्रायव्हर, अण्णा आणि पाच पोरं, सगळ्यांची डोकी वर्तुळांबरोबर हळूहळू फिरली. बाईंनी घड्याळ बघितलं नाही.

मग गाडीने पुन्हा शिट्टी घातली.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "वाहनतळ रद्द."

बाईंनी अण्णांचा हात घट्ट धरला.

"इतक्या शाखांना इथे एवढं काही सापडतं म्हणजे जागा मोलाची आहे," अध्यक्ष पुढे म्हणाले. "मी शिफारस करतो की पुढची तीन वर्षं सगळ्या विभागांनी या तळ्याचा सखोल अभ्यास करावा. एकूण एकोणतीस विभाग आहेत. प्रत्येकाने दर आठवड्याला नमुने घ्यावेत."

पाचही पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं हसू बाईंनी पुन्हा बघितलं, आणि या वेळी ते अगदी मनापासूनचं होतं.

"एकोणतीस," अण्णा पुटपुटले. "पोरी, मी पाचाला भीत होतो."

सोमवारी बाईंनी बिनखिडकीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली अण्णांच्या पिशवीत टाकली. सतरा नंबरचं पिंप तळ्याच्या काठी उपडं घातलं, त्यावर त्या बसल्या, आणि वर्ग समोर उभा केला. वर्गाच्या मागे भूगोलवाले फावडं घेऊन आले होते. त्यांच्यामागे मानसशास्त्रवाले प्रश्नावली घेऊन. त्यांना बेडकांना काही विचारायचं होतं. सर्वांत मागे टेप, नव्या पंपासह. पाणी बुधवारपेक्षा वाढलंय का, हे त्याला बघायचं होतं.

"पंप खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"मॅडम, अध्यक्षांचा आदेश आहे," वकीलसाहेब म्हणाली.

"नमुने घ्या म्हणालेत ना? घ्या. पण आधी माझा तास. सगळ्यांनी हात मागे. बाटल्या खाली, फावडी खाली, टेपसुद्धा. मागे बांधा हात, आणि बघा."

"काय बघायचं, मॅडम?"

"ते मी सांगणार नाही."

कुरकुरत, एकमेकांना कोपरं मारत, शंभर-सव्वाशे पोरांनी हात मागे बांधले. लव्हाळं अजून सपाट होतं, पण एका काडीने मान उचलली होती. तिच्यावरची उलटी अक्षरं पुसट झाली होती. निळ्या दोऱ्याचा बेडूक पाण्यातून वर आला. सगळं गप्प झालं.

बाई पिंपावर बसल्या बसल्या घड्याळाकडे बघत होत्या. एक मिनिट. दोन. चार. पाचवं मिनिट सुरू झालं, आणि त्या बसल्या जागी पुढे झुकल्या.

मागून एक हात वर आला. मागे बांधलेलाच, तसाच वर, मोठ्या कष्टाने.

"मॅडम," वाणिज्यचा एक मुलगा म्हणाला, "हे परीक्षेला आहे का?"